सामंतसाहेबांच्या चालीने

धनेशला सायकलवरून उतरवून चालायला कुणी लावलं असेल तर सामंतसाहेबांनी, आणि तेही प्रेमाने! म्हणजे ओरडून नाही, हुकूम सोडून नाही, खांद्यावर हात टाकून. थांबा, पहिल्यापासून सांगायला पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल धनेशच बावळट. तो बावळट होताच, पण एकटाच नव्हता.

मस्कतमध्ये अझैब्याला समुद्राच्या कडेकडेने तो ट्रॅक आहे ना, फरशा बसवलेला, अर्धा चालणाऱ्यांचा आणि अर्धा लाल पट्ट्याचा सायकलवाल्यांचा, एका अंगाला वाळू, दुसऱ्या अंगाला हिरवळ आणि खजुराची झाडं, तिथे हा रोज संध्याकाळी सायकल हाणायचा. हाणायचा म्हणजे काय, गोळीसारखा! इस्लामपूरचा पोरगा, एसटी स्टँडसमोर बापाचं सायकलचं दुकान, खुळखुळ्याऐवजी फ्रीव्हीलची टकटक ऐकत मोठा झालेला. मस्कतला आला ड्राफ्ट्समन म्हणून, एसीच्या डक्टची ड्रॉइंगं काढायला, पण जीव सगळा दोन चाकांत. ट्रॅकवर कुणाची चेन उतरली, कुणाचा गियर अडकला की लोक म्हणायचे, "थांबा जरा, तो पिवळ्या टी-शर्टवाला येईल आता." आणि हा यायचा, उतरायचा, सीटखालच्या पिशवीतून पाना काढायचा, बोटं काळी करून घ्यायचा आणि वर दटावायचा, "सीट एवढी खाली ठेवतात का? गुडघ्यांची वाट लागेल."

तर असंच एका शुक्रवारी एका छोट्या पोरीचा ब्रेक घासत होता, तो याने बसल्या जागी नीट करून दिला, आणि तिचे आजोबा मागे हात बांधून बघत राहिले. हे इक्बालभाई. मूळचे म्हसळ्याचे, रुवीला त्यांचं हार्डवेअरचं जुनं दुकान, आणि आता कुरुमला सायकलींचं नवं दुकान काढत होते, काचेचं, मागे मोठं वर्कशॉप.

"कुठे शिकलास रे?"

"वडिलांकडे."

"आणि पोटापाण्याला?"

"एसीचे डक्ट काढतो. कागदावर."

इक्बालभाई हसले. म्हणाले, "मला वर्कशॉप सांभाळणारा माणूस पाहिजे. नुसतं नट पिळणारा नको, सायकल कळणारा पाहिजे. रमजानच्या आधी दुकान उघडायचंय. तुझ्या अर्बाबकडून एनओसी तेवढी आण, बाकी व्हिसा-बिसा मी बघतो."

आता बघा, दोन हजार सोळाची गोष्ट. तेव्हा ओमानमध्ये नियम असा की एक मालक, म्हणजे अर्बाब, सोडून दुसऱ्याकडे जायचं तर पहिल्याने लिहून द्यायचं, आमची हरकत नाही म्हणून. तीच एनओसी. ती नसेल तर गाशा गुंडाळा, घरी जा, आणि दोन वर्षं इकडे फिरकू नका. म्हणजे धनेशचं सगळं आयुष्य, निदान त्याला तरी तसं वाटत होतं, एका सहीवर अडकलं होतं. त्या रात्री तो झोपलाच नाही. खोलीतल्या आदिलला हलवून हलवून सांगत होता, वर्कशॉपमध्ये चाकं कुठे टांगणार, पाने कसे लावणार, इस्लामपूरहून बापाला दाखवायला कसं आणणार.

आदिल दापोलीचा, एका शिपिंग कंपनीत, तोंडाचा फटकळ. उशीत तोंड खुपसूनच म्हणाला, "उद्या सकाळी अर्बाबकडे जा, सही घे, आणि मला झोपू दे."

"डायरेक्ट अर्बाबकडे कसा जाऊ? सामंतसाहेबांना काय वाटेल?"

झालं! इथेच गाडी घसरली.

अर्बाबचं, म्हणजे कंपनीचे मालक सालिम, त्यांचं केबिन तळमजल्यावर, दार सताड उघडं. केरळचे लोक सरळ जायचे, पाकिस्तानी जायचे, बांगलादेशी हेल्परसुद्धा चप्पल बाहेर काढून आत जायचा आणि अर्बाब त्याला चप्पल घालायला लावायचे. फक्त मराठी पोरांच्या मते त्या दाराच्या आधी आणखी एक दार होतं, आणि त्या दाराचं नाव एकनाथ सामंत. मॅनेजर. अठरा वर्षं कंपनीत. दादरला इंटरव्ह्यू घेऊन एकेका पोराला निवडून आणलेलं, गणपतीत घरी बोलावून मोदक खाऊ घातलेले, कुणाचं पोट बिघडलं तर वहिनींनी मऊ भात पाठवलेला. आपला माणूस! आपल्या माणसाला ओलांडून जायचं म्हणजे काय, जेवणाच्या पंगतीत यजमानाच्या आधी उठण्यासारखं.

तर धनेश साहेबांच्या टेबलापाशी गेला. साहेबांनी ऐकलं, चष्मा काढला, पुसला.

"इथे नको रे. भिंतींना कान असतात. संध्याकाळी ट्रॅकवर ये. मलाही डॉक्टरने चालायला सांगितलंय, साखर वाढलीय. चालता चालता निवांत बोलू."

हा खूश! संध्याकाळी सायकल घेऊन हजर. साहेब गाडीतून उतरले, नवे कोरे बूट, पांढरी टोपी, आणि सायकलकडे असे बघायला लागले जसं काही याने म्हैस आणली बरोबर.

"हे घोडं कशाला? मी चालणार आणि तू शेजारून तरंगत येणार? लोक म्हणतील साहेबाला पोलीस घेऊन चाललाय."

सायकल खजुराला बांधली. दोघं चालायला लागले. साहेबांची चाल म्हणजे लग्नाची वरात, चार पावलं की थांबा, हे बघ, ते बघ, समुद्र किती छान, आमच्या मालवणचं पाणी असंच. आणि याने बरोबरीने कसं चालायचं? म्हणून अर्धं पाऊल मागे. हात कुठे ठेवायचे कळेना, म्हणून पाठीमागे बांधले, साहेबांसारखेच. वळायच्या जागेपर्यंत जाऊन आले, आणि मग याने धीर करून विषय काढला.

"साहेब, ते एनओसीचं..."

"ट्रॅकवर ऑफिस नको हं धनेश! डॉक्टरने सक्त सांगितलंय, टेन्शनचं काही बोलायचं नाही. हवा घे हवा. उद्या ऑफिसात बघू."

आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात? "इथे नको रे, संध्याकाळी बोलू."

हसताय काय! असे आठवड्यांमागून आठवडे गेले. खरंच. ऑफिसात ट्रॅकची तारीख आणि ट्रॅकवर ऑफिसची. सायकल आता धनेश आणायचाच नाही. गॅलरीत उभी, मागचं चाक बसलेलं, वर आदिलची लुंगी वाळत घातलेली. आदिलच्या टोमण्यांना तर ऊत आला होता.

"काय भाई, आणलंस साहेबाला फिरवून? पट्टा कुणाच्या गळ्यात आहे ते तरी बघितलंस का?"

"गप रे. त्यांनी शब्द दिलाय."

"कसला शब्द? दाखव."

"म्हणाले, अर्बाबच्या कानावर घातलंय. मूड बघून सही घेतो, इन्शाल्ला."

"अरे, मला वाटलं ते तुमच्या गणपतीला मानतात. इन्शाल्ला कधीपासून?"

पण धनेशचा विश्वास! आणि खरं सांगायचं तर साहेब वाईट वागत नव्हते. वहिनी, नूतनवहिनी, लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला गेल्या होत्या. मुलगा कॅनडाला, तो फोन उचलायचा नाही. घरी जाऊन साहेब करणार काय, टीव्हीसमोर पाव खाणार. ट्रॅकवर मात्र फुलायचे. लहानपणी विहिरीत कशी उडी मारली, पहिल्यांदा इब्रीच्या साइटवर वाळूत गाडी कशी रुतली, तीच तीच गोष्ट, आणि हा पहिल्यांदाच ऐकतोय असं "हो? मग?" करायचा. येताना दोघांना करक चहा, आटवलेल्या दुधाचा, साहेबांकडूनच. कधी कधी म्हणायचे, "धनेश, तू आहेस म्हणून बरं." आणि याला वाटायचं, चला, काम होणार!

मधल्या काळात इक्बालभाईंचे फोन. "संध्याकाळी ये की, स्टँड आलेत, कुठे बसवायचे ते तू सांग." संध्याकाळी? संध्याकाळी तर साहेब. "उद्या येतो, इन्शाल्ला." परत फोन, "जपानहून गियरचा माल आलाय, बघायला तरी ये." "उद्या नक्की." मग हळूहळू फोन थांबले, आणि याला वाटलं, दुकानाच्या गडबडीत असतील.

आणि मध्येच एक गोष्ट घडली. ट्रॅकवर एक बाई सायकल घेऊन कडेला उभ्या, चेन खाली लोंबतेय, हात काळे, इकडे तिकडे बघतायत. धनेशचे पाय थांबलेच. अर्ध्या मिनिटाचं काम! तो वळला तेवढ्यात साहेब पुढून म्हणाले, "चल रे, गॅरेज उघडलंयस का? लय तुटते माझी." आणि हा गेला. मान खाली घालून, हात पाठीमागे बांधून गेला. त्या रात्री जेवला नाही, पण का ते आदिललाही सांगितलं नाही.

मग एक दिवस साहेबांचा गुडघा सुजला. फोन आला, "आज मी नाही." आता खरं म्हणजे हा सुटला होता, कुरुमला पळायचं, इक्बालभाईंना भेटायचं! पण सवय अशी वाईट, की पाय आपोआप ट्रॅकवर. एकटाच चालतोय, तेही हळूहळू, तेही अर्धं पाऊल मागे राहिल्यासारखं. आणि समोरून कोण? सालिम अर्बाब! पांढरा शुभ्र पायघोळ दिशदाशा, खाली खेळाचे बूट, हातात तसबीहची माळ, आणि चाल अशी की वाऱ्याला म्हणतील मागे सर.

"धनेश! तुम्हारा बाबा किधर?"

"बाबा?"

"सामंत! तुम दोनों को मैं रोज गाडी से देखता. बाप-बेटा जैसा. माशाल्ला!" आणि अर्बाबनी याच्या पाठीवर थाप मारली. "सामंत मेरे को बोला, तुमको कुरुम में अच्छा काम मिला, और तुम बोला, नहीं, मैं सामंत साब को छोडके नहीं जायेगा. मैं घर में अपना बेटा लोग को बोला, देखो, ऐसा आदमी भी है."

धनेशला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"अर्बाब, मैंने तो एनओसी मांगा था. कब से."

"किससे मांगा?"

"सामंत साब से."

अर्बाब थांबले. रागाने नाही हं, खरंच नवल वाटून त्यांनी विचारलं, "कंपनी सामंत का है?"

आणि उत्तराची वाट न बघता बोटांवर मोजायला लागले.

"इस साल तीन आदमी आया. बैठा, चाय पिया, मैं साइन किया, खलास. एक आदमी जाना चाहता, मैं उसको रस्सी से बांधेगा? मेरा दरवाजा खुला है, तुम देखा नहीं?"

काय सांगणार! दरवाजा दिसत होता हो, रोज दिसत होता. त्याच्यासमोरून जिना चढूनच तर तो वर साहेबांकडे जायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी सही झाली. कशी झाली सांगू? अर्बाब फोनवर बोलत होते, मानेने बस म्हणाले, ऑफिसच्या पोऱ्याने चहा ठेवला, पीआरओने कागद आणला, अर्बाबनी फोन न ठेवताच सही केली, शिक्का मारला आणि कागद याच्याकडे सरकवला. चहा अजून तोंडाला लावण्याइतका निवला नव्हता. एवढंच होतं ते! एवढ्यासाठी याने आख्खा हिवाळा आणि वर उन्हाळ्याची सुरुवात वरातीत घालवली.

दुपारच्या सुट्टीत टॅक्सी करून कुरुम. दुकान उघडलेलं. काचेत सायकली चमकतायत, टायरचा तो नवा वास दारातच येतोय, आणि आत वर्कशॉपमध्ये एक नेपाळी पोरगा चाक फिरवून डोळा बारीक करून बघतोय. स्टँड जिथे धनेशने मनात बसवले होते, नेमके तिथेच.

इक्बालभाईंनी पाणी दिलं, खुर्ची दिली. कागद पाहिला, घडी घालून परत दिला.

"उशीर केलास रे."

"भाई, साहेबांनी अर्बाबला विचारलंच नव्हतं. मला काल कळलं."

"ते मला माहीत नाही. मला जे माहीत आहे ते सांगतो. तू येईनास म्हणून मीच ट्रॅकवर आलो होतो एकदा. म्हटलं पोरगं लाजत असेल, समजवावं. तर तू हात पाठीमागे बांधून त्यांच्या मागे चाललेला. मी हाक मारणार, तेवढ्यात बघितलं, एका बाईची चेन उतरलेली. मी म्हटलं थांब, आता मजा बघू. तू बघितलंस. आणि पुढे गेलास."

धनेशने हातातल्या कागदाची आणखी एक घडी घातली.

"मग मी हाक नाही मारली," इक्बालभाई म्हणाले. "मला वाटलं, मी ज्याला शोधत होतो तो पोरगा दुसराच कुणीतरी होता. या बिचाऱ्याला उगाच का भरीस घालू?"

"भाई, थोडे दिवस हेल्पर म्हणून तरी..."

"त्याचा व्हिसा लागलाय, धनेश. लागला नसता तरी मी त्याला परत पाठवला नसता. तो येतो तेव्हा आधी सायकलींना हात लावतो, मग मला सलाम करतो."

वाईट बोलला नाही माणूस. चहा पण देत होता. पण धनेशला ती चमकणारी चाकं बघवेनात, तो उठलाच.

आणि संध्याकाळी खाली हॉर्न! साहेबांचा गुडघा बरा. आदिल गॅलरीतून म्हणाला, "जाऊ नकोस. नाहीतर जा आणि त्यांना समुद्रात ढकल. मधलं काही करू नकोस."

हा गेला. ट्रॅकवर उतरल्या उतरल्या, पहिल्या दिव्याखालीच, कागद काढून समोर धरला.

"अर्बाबनी सही केली. चहा पिता पिता."

साहेबांनी कागद वाचला. चष्मा काढला, पुसला. धनेशला वाटलं आता माफी मागतील, निदान खोटं बोलतील. पण साहेब शांतपणे म्हणाले, "बरं. मग? मिळाली नोकरी?"

"नाही. गेली."

"चांगलं झालं. अरे, इंजिनिअरिंगचा डिप्लोमा करून पंक्चर काढायला आलास मस्कतला? तुझ्या बापाने त्यासाठी पाठवलं? मी तुझ्या बापाच्या जागी आहे, मी नाही अडवणार तर कोण?"

"माझा बापच पंक्चर काढतो, साहेब."

साहेबांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग साहेबांचा आवाज बदलला, एकदम म्हातारा झाला. "आणि तू गेला असतास तर मी कुणाबरोबर चाललो असतो? सांग ना. त्या घरात भिंतीशी बोलू का?"

"तसं म्हणायचं होतं साहेब. मी कुरुमहून आलो असतो तुमच्याबरोबर चालायला. रोज आलो असतो."

"नसता आलास," साहेब म्हणाले. "कुणी येत नाही."

आणि खरं सांगू? तेवढ्यात धनेशला त्यांची दया आली, आणि दया आली म्हणून स्वतःचाच असा संताप आला की मुठी वळल्या. तो काहीतरी बोलणार, फार वाईट बोलणार, तोंडाशी आलं होतं, तेवढ्यात मागून हाक. "अगबाई, सामंत! आज उशिरा?" महाराष्ट्र मंडळाच्या रेखाताई आणि त्यांचे मिस्टर, दोघं एकाच रंगाच्या टी-शर्टात घामाघूम.

साहेबांचा हात झटक्यात याच्या खांद्यावर आला. तोच हात!

"रेखाताई, हा आमचा धनेश. कुरुमला मोठ्या दुकानात बोलावलं होतं याला, पण गेला नाही. मला सोडून जायलाच तयार नाही पठ्ठ्या!"

धनेश म्हणाला, अगदी सपाट आवाजात, एकेक शब्द सुटा करून म्हणाला, "मला जायचं होतं. यांनी जाऊ दिलं नाही."

रेखाताईंनी मिस्टरांकडे बघितलं. आणि मग रेखाताई खळखळून हसल्या. "बघा ना, किती लाडाने तक्रार करतोय! आमची पोरं तर आमच्याशी भांडतसुद्धा नाहीत हो." मिस्टर हसले. साहेब तर सगळ्यात मोठ्याने हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, आणि ते पाणी कसलं होतं देव जाणे. "चला चला, चालत बोलू," रेखाताई म्हणाल्या, आणि तिघं पुढे निघाले, मंडळाच्या कार्यक्रमाला चकल्या कुणी करायच्या त्यावर बोलत. साहेबांनी एकदा मागे वळून बघितलं, धनेश येतोय ना म्हणून. मग नाही बघितलं.

हा तिथेच उभा. हातात कागद, वाऱ्याने फडफडणारा. कुठे जायचं? मागे साहेबांची गाडी, पुढे साहेब. सरकला थोडा बाजूला, तिघांना जागा द्यायला सरकला होता तसाच आणखी दोन पावलं सरकला, आणि पाठीमागे ट्रिंग ट्रिंग ट्रिंग! हेल्मेट घातलेली दहा-अकरा वर्षांची मुलगी, ब्रेक लावून, एक पाय टेकून, वैतागलेली.

"अंकल, प्लीज! धिस लेन इज फॉर सायकल्स."

सत्तावीस वर्षांचा धनेश खाली बघायला लागला. खरंच, लाल पट्ट्यावर उभा होता तो.

"सॉरी," म्हणाला, आणि चालणाऱ्यांच्या फरशीवर आला.